यिशिंगचा मातीचा टीपॉट: घेताना काय बघायचं आणि नंतर कसा सांभाळायचा

चीनमधल्या यिशिंगचा मातीचा टीपॉट घ्यायचा म्हटलं की बरेच जण डायरेक्ट मातीवर जातात, झूनी घेऊ की झीनी (हे मातीचे प्रकार, खाली सांगतो), खरी खाणीतली आहे ना, बुडावर शिक्का कोणत्या कारागिराचा आहे, सोबत सर्टिफिकेट येतं का. आणि त्यात कुठला चहा करणार हे मात्र पॉट घरी आल्यावर ठरतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी चहा ठरवा, मग साइज, मग भिंत जाड हवी की पातळ, मग पॉट ओततो कसा ते बघा, आणि मातीचं नाव सगळ्यात शेवटी. कारण मातीचं नाव विकणारा काहीही सांगू शकतो आणि फोटो बघून ते पडताळता येत नाही, पण पॉट नीट ओततो की नाही हे पाणी भरून एका मिनिटात कळतं.

थोडी माहिती असलेली बरी, म्हणजे विकणाऱ्यांच्या गोष्टींमधलं खरं काय ते लक्षात येतं. यिशिंग हे चीनच्या जियांगसू प्रांतात ताई सरोवराच्या पश्चिमेला आहे आणि पॉटचं सगळं काम मुख्यतः तिथल्या डिंगशू भागात चालतं. शेजारीच ह्वांगलोंगशान नावाचा डोंगर आहे, नामांकित माती तिथली. माती म्हणतात खरं, पण ती खाणीतून दगडासारखी निघते, मग उघड्यावर ऊन-पावसात ठेवून फुटू देतात, दळतात, चाळतात, पाणी घालून मळतात आणि पुन्हा मुरत ठेवतात. भाजायचं तापमान साधारण 1100 ते 1200 डिग्री सेल्सियस, मातीप्रमाणे कमीजास्त. भाजल्यावर ती घट्ट होते पण काचेसारखी पूर्ण बंद होत नाही, बारीक छिद्रं राहतात, आणि वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसल्यामुळे चहा थेट मातीला लागतो. या पॉटचं सगळं वेगळेपण यातच आहे आणि सांभाळायचे सगळे नियमही यातूनच येतात.

ह्वांगलोंगशानच्या खाणी 2005 च्या सुमारास बंद केल्या. म्हणून आता प्रत्येक दुकानात "जुन्या साठ्यातली शेवटची माती" असते. कारागिरांकडे जुना साठा खरंच आहे, चांगली माती आजही मिळते, पण ज्याच्याकडे आहे तो ती 50 युआनच्या पॉटमध्ये घालणार नाही एवढं साधं गणित डोक्यात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळते.

आता माती. झीनी म्हणजे जांभळट तपकिरी, सगळ्यात समजूतदार माती, बहुतेक चहांना चालते आणि हाताळायला भीती वाटत नाही, पहिला पॉट असेल तर मी हीच सांगेन. होंगनी लाल. झूनीपण लालच, पण फार बारीक आणि चिकट, वाळताना आणि भाजताना खूप आकसते, 20 टक्क्यांच्याही वर, त्यामुळे भट्टीत बरेच पॉट वाकडे होतात किंवा तडकतात, मोठा पॉट करणं तर अजूनच अवघड, म्हणून खरी झूनी महाग आणि पॉट लहान. अंगावर बारीक सुरकुत्या दिसतात त्या या आकसण्यामुळे येतात, तो दोष नाही. दुआननी ही पिवळसर, दिसायला सुंदर पण जास्त सच्छिद्र, त्यात गडद चहा केला की रंग डागाळतो, आणि कमी तापमानाला भाजलेली असेल तर वापरता वापरता बाहेरून काळपट ठिपके येतात ते जाता जात नाहीत.

रंगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यिशिंगच्या मातीला रंग येतो तो मुख्यतः तिच्यातल्या लोखंडामुळे, त्यामुळे खरे रंग थोडे दबलेले असतात, तपकिरी, विटकरी, पिवळसर, करडा हिरवट. एकदम झगझगीत लाल, पोपटी, निळा असा पॉट दिसला तर त्यात रंगासाठी ऑक्साइड मिसळलंय असं समजा. काळा मात्र भट्टीत हवा कमी करून पुन्हा भाजूनही येतो, त्यामुळे प्रत्येक काळा पॉट वाईट नसतो, पण कसा केलाय ते विचारा. 2010 मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीने, सीसीटीव्हीने, यावर मोठा रिपोर्ट केला होता, साध्या मातीत लोखंडाचं ऑक्साइड, मॅंगनीज, कोबाल्ट, बेरियम कार्बोनेट असलं काहीबाही घालून झिशा, म्हणजे यिशिंगची अस्सल माती, म्हणून विकतात हे दाखवलं, आणि तेव्हा बाजार चांगलाच हादरला होता. आपण यात उकळतं पाणी ओतून तेच पिणार आहोत, तेव्हा या बाबतीत कंजूषपणा करू नका. चांगला पॉट परवडत नसेल तर सरळ पोर्सिलेनचा गायवान, म्हणजे चहा करायचा झाकणाचा कप, घ्या, स्वस्त बनावट पॉटपेक्षा तो शंभर पटीने बरा आणि चहाही उत्तम होतो.

चहा आणि पॉटची जोडी. ऊलोंग म्हणजे ग्रीन टी आणि ब्लॅक टीच्या मधला चहा. गोळी वळलेले हिरवट ऊलोंग, म्हणजे तैवानचे उंच डोंगरावरचे किंवा हलके तिएगुआनयिन, यांचा सुगंध हाच जीव, त्यांना पातळ भिंतीचा आणि घट्ट भाजलेला पॉट, झूनी किंवा चांगली होंगनी. डानचोंगलाही, म्हणजे ग्वांगडोंगच्या सुगंधी ऊलोंगलाही, तसाच. वूयी डोंगरातले भाजलेले ऊलोंग दोन्हीकडे चालतात, मला स्वतःला ते मध्यम भिंतीच्या झीनीत आवडतात कारण भाजलेपणाचा कडक कोपरा थोडा गोल होतो. पिकवलेला पू-अर, म्हणजे युनानचा मुद्दाम आंबवलेला चहा, जाड भिंतीच्या, जरा जास्त सच्छिद्र झीनीत छान, कारण तिथे उष्णता टिकायला हवी आणि मातीने थोडी चव खाल्ली तर बिघडत काही नाही, उलट साठवणीचा वास कमी होतो. जुना कच्चा पू-अर, म्हणजे मुद्दाम न आंबवता वर्षानुवर्षं साठवलेला, तो पण तसाच. ग्रीन टीसाठी मात्र यिशिंग घेऊ नका, ती नाजूक पानं बंद गरम पॉटमध्ये शिजल्यासारखी होतात, काच किंवा पोर्सिलेन बेस्ट.

साइजमध्ये सगळ्यात जास्त लोक चुकतात. गोंगफू पद्धतीने म्हणजे भरपूर पानं, थोडं पाणी, आणि एकामागून एक छोट्या खेपा असं करायचं असेल तर एकदोन माणसांना 100 ते 120 मिली, तीनचार जण असतील तर 150 ते 180, बस. फोटोत हे इतकं लहान आहे हे कळतच नाही आणि मग लोक 300 मिलीचा घेतात, त्यात पुरेशी पानं टाकायची तर 15-20 ग्रॅम लागतात आणि एवढा चहा एकट्याने पिऊन होत नाही. आणि विकणाऱ्याने सांगितलेली मिली काठोकाठ भरून मोजलेली असते, प्रत्यक्षात थोडी कमी धरा.

आकाराचं फार मनावर घेऊ नका पण दोन गोष्टी बघा. लांब वळलेली पानं असतील, डानचोंग किंवा वूयी, तर तोंड रुंद हवं, नाहीतर पानं घालताना मोडतात आणि काढताना बोटाने कोरत बसावं लागतं. गोळीचा चहा फुलायला जागा मागतो म्हणून गोलसर पोटाचा पॉट. श्वेइपिंग, शीशी, शिप्याओ, फांगगू, जुलुनझू हे नेहमीचे जुने आकार, शेकडो हातांनी घासून पक्के झालेले, यातला कुठलाही घेतला तरी चालेल. शीशी दिसायला सगळ्यांना आवडतो पण लहान साइजमध्ये त्याचा कान बोटांना जवळ पडतो, पोटाचा चटका बसतो, हातात धरून बघा. ड्रॅगन, फळं, खारुताई असं बरंच कोरलेलं असेल तर धुताना खाचांमध्ये चहाचा थर साचतो, रोजच्या वापराला साधा गुळगुळीत पॉटच बरा.

हाताने केलेला की साच्यातला? पूर्ण हाताने म्हणजे मातीची चकती लाकडी थापीने थापून, पट्टी गोल वळवून, थापत थापत पोट आणायचं, याला वेळ आणि हात दोन्ही लागतात. अर्धा हाताने म्हणजे पोटाला प्लास्टरच्या साच्याचा आधार, बाकी तोटी, कान, झाकण, फिनिशिंग हाताने. आणि तिसरा प्रकार म्हणजे पातळ चिखल साच्यात ओतून केलेला, हा टाळा. अर्धा हाताने केलेला पॉट कमी प्रतीचा असं अजिबात नाही, यिशिंगच्या सरकारी कारखान्यातले ज्या पॉटसाठी आज लोक वेडे होतात ते सुद्धा बरेचसे साच्याच्या आधाराने झालेले आहेत. फक्त पूर्ण हाताच्या किमतीत अर्ध्या हाताचा घेऊ नका. आतल्या रेषा दाखवून "बघा, पूर्ण हाताने" असं सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका, तशा रेषा साच्यातल्या पॉटला मुद्दाम मारतात. आणि चाकावर ओढून केलेला पॉट यिशिंगच्या परंपरेतला नाही. चाकावर करतात ते ग्वांगडोंगमधल्या चाओझोऊला, तिथली लाल मातीची किटली स्वतःच्या जागी अप्रतिम असते, डानचोंग पिणाऱ्यांनी जरूर बघावी, पण ती यिशिंगच्या नावाने आणि भावाने विकत घेऊ नये. युनानमधल्या जियानश्वेइचे घासून चकचकीत केलेले पॉट आणि ग्वांगशीतल्या चिनझोऊचे निशिंग पॉट हे पण ग्लेझ नसलेलेच, त्यांनाही खाली सांगितलेली काळजी तशीच लागू होते.

शिक्के आणि पदव्या. चीनमध्ये कारागिरांना सरकारी दर्जे असतात, सहायक, मग पूर्ण दर्जाचा, मग वरिष्ठ, वर प्रांताचे मास्टर आणि देशाचे मास्टर. दर्जा खरा असतो पण पॉट त्याच माणसाने केलाय का हा वेगळा प्रश्न आहे, दुसऱ्याकडून करून घेऊन स्वतःचा शिक्का मारणं हे तिथलं उघड गुपित आहे. गू जिंगझोऊ हे 20व्या शतकातले सगळ्यात मोठे कारागीर, त्यांचा एक शिप्याओ 2010 च्या लिलावात 1 कोटी 20 लाख युआनच्या वर गेला. एवढा पैसा एका शिक्क्यामागे असल्यावर तो शिक्का खोटा होणारच. शी दाबिन, मंगचेन अशी मिंग काळातली नावं तर कित्येक शतकं नक्कल होत आलीत. तेव्हा नवीन माणसाने जुन्या, कारखान्याच्या काळातल्या पॉटच्या नादी लागूच नये, आधी दोनतीन वर्षं आजचे चांगले पॉट वापरून हात आणि डोळे तयार होऊ द्यात.

आता प्रत्यक्ष तपासणी, ही नीट करा, पैसे इथेच वाचतात. पॉट झाकण काढून सपाट जागेवर ठेवा, तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा वरचा भाग साधारण एका पातळीत हवेत. काही आकारांत मुद्दाम तसं नसतं, पण तोटी तोंडापेक्षा खाली असेल तर काठोकाठ भरायच्या आधीच तोटीतून पाणी गळायला लागतं. वरून बघा, तोटी, झाकणाची बोंडी, कान एका रेषेत पाहिजेत. झाकण ठेवून हलकेच फिरवा, खरखर नको, डुगडुगणं तर नकोच. किंचित खेळ असतो तो चालतो.

मग पाणी भरा आणि ओता. धार एकसंध हवी, पिळवटलेली किंवा फवारा उडवणारी नको. थांबवल्यावर तोटीखालून ओघळ पोटावर येतो का ते बघा. पूर्ण तिरका केल्यावर झाकणाच्या कडेने पाणी येतं का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण रिकामा व्हायला किती वेळ लागतो. 120 मिलीचा पॉट 10-12 सेकंदांत रिकामा व्हायला हवा, 20 सेकंद लागत असतील तर पहिल्या कपात आणि शेवटच्या कपात चहा वेगवेगळा होणार, कारण गोंगफूमध्ये पानं मुळात 10-15 सेकंदच भिजवायची असतात. बोंडीच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते ही ट्रिक सगळे दाखवतात, झाकण नीट बसलंय एवढंच त्यातून कळतं, माती खरी आहे का याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. टिचकी मारून आवाज ऐकतात त्याचंही तेच, घट्ट भाजलेला पातळ पॉट खणखणतो आणि जाड झीनी बद्द वाजते, दोन्ही अस्सल असू शकतात. तोटीच्या आतली जाळी बघा, एकच मोठं भोक असेल तर धार मस्त पण पानं अडकतात, बरीच बारीक भोकं किंवा अर्धगोल जाळी असेल तर रोजच्याला सोपं.

शेवटी वास. कोरड्या पॉटचा वास घ्या, मग उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी परत घ्या. ओल्या मातीचा सौम्य वास ठीक आहे. मेण, पॉलिश, केमिकल असा वास आला तर परत करा. जुना दिसावा म्हणून बूटपॉलिश लावलेले पॉट सर्रास असतात, गरम पाण्याने हाताला तेलकट लागतं.

ऑनलाइन घेत असाल तर ओततानाचा व्हिडिओ, आतला फोटो, बुडाचा फोटो, वजन आणि साध्या उजेडातला रंग मागा. हे द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग शिक्का कोणाचाही असो.

पॉट घरी आला की आधी आतून मऊ ब्रश फिरवून पावडर काढा, कोमट पाण्याने धुवा. मग एका स्वच्छ पातेल्यात, ज्यात तेल-मसाला कधी पडला नसेल अशा, बुडाला कापड घालून पॉट आणि झाकण वेगवेगळं ठेवा, गार पाणी बुडेपर्यंत घाला आणि मंद आचेवर तापवत न्या, 20-30 मिनिटं हलकं उकळू द्या, गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. गार पॉट उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, तडा जातो. दुसऱ्यांदा जो चहा करणार तोच थोडा पाण्यात टाकून असंच करू शकता, नाही केलं तरी फरक पडत नाही. टोफू आणि उसाबरोबर उकळायचं जे सांगतात त्याची काही गरज नाही, सच्छिद्र भांड्यात साखर आणि प्रोटीन कशाला घालायचं!

रोज वापरायच्या आधी गरम पाण्याने पॉट तापवून घ्या, पातळ झूनी असेल आणि हवा थंड असेल तर आधी कोमट, मग गरम. झूनी अचानक तापली की तडकते आणि ते बहुतेक वेळा थंडीतल्या सकाळी होतं.

चहा झाला की लगेच पानं काढा, गरम पाण्याने दोनतीनदा विसळा, बाहेरून मऊ सुती कापडाने टिपा, आणि झाकण काढून हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. संपूर्ण काळजी एवढीच आहे आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळवणं. साबण अजिबात नाही, डिशवॉशर नाही, तारेची घासणी नाही. पानं रात्रभर आत ठेवली की "पॉट मुरतो" असं काही जण सांगतात, त्याने पॉट मुरत नाही, बुरशी लागते. हाताचं तेल चोळून चमक आणू नका, ती चमक ग्रीसची असते आणि गरम पाण्यात निघून येते. खरी चमक वापरातून महिनोन्महिने हळूहळू येते, रोजच्या चहाने आणि पुसण्याने, घाई करून ती येत नाही. वरून चहा ओतायचा असेल तर ओता पण ब्रशने सगळीकडे सारखा पसरवा आणि शेवटी साध्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर ओघळांचे पट्टे कायमचे दिसतात.

एका पॉटमध्ये एकच चहा का? मी इतकं कडक पाळत नाही, एका जातीचे चहा एका पॉटला पुरेसं आहे, भाजलेले ऊलोंग एकात, पू-अर एकात. पण पू-अरच्या पॉटमध्ये हलकं ऊलोंग कधीच नाही, आणि जास्मिनसारखा वास लावलेला चहा कुठल्याच चांगल्या पॉटमध्ये नाही, तो वास निघत नाही. पॉट तुमच्या चहाला जमतोय का हे बघायचं असेल तर तीच पानं, तेवढंच वजन, तेच पाणी, तोच वेळ, एकदा गायवानमध्ये आणि एकदा पॉटमध्ये करा आणि शेजारी शेजारी प्या. गायवानमध्ये जास्त चांगला लागला तर तो पॉट दुसऱ्या चहाला देऊन बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या पॉटमध्ये नुसतं गरम पाणी घातलं तरी चहा होतो ही दंतकथा आहे, थोडा वास येतो, चहा होत नाही.

बुरशी लागलीच तर घाबरू नका. ती पुसून काढा, वर सांगितलं तसं गार पाण्यापासून उकळा, पाणी बदलून दोनदा, आणि काही दिवस नीट वाळू द्या. वास राहिला तर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून परत साध्या पाण्यात उकळा. क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही. जड पाण्यामुळे बाहेर पांढरे डाग आले तर पाण्यात थोडं सायट्रिक अॅसिड घालून त्याने पुसा आणि भरपूर धुवा. बराच काळ वापरणार नसाल तर पूर्ण वाळवून, झाकण आणि तोंडामध्ये कागद घालून ठेवा, पण प्लास्टिकच्या पिशवीत किंवा मसाल्याच्या, अगरबत्तीच्या कपाटात नको, माती तो वास ओढून घेते.

आणि झाकण जपा. पॉट बहुतेक वेळा पोटाने फुटत नाही, ओतताना झाकण घसरून पडतं आणि तेच फुटतं, आणि झाकण त्या पॉटबरोबरच भाजलेलं असल्यामुळे दुसरं नेमकं बसेल असं मिळणं जवळजवळ अशक्य. ओतताना बोट बोंडीवर ठेवा, भोक झाकू न देता, किंवा बोंडीपासून कानापर्यंत सुती दोरा बांधा. झाकणाचे दोनतीन मोठे तुकडे झाले असतील तर चीनमध्ये धातूचे बारीक टाके मारून जोडायची जुनी पद्धत आहे, ती करणारे अजून मिळतात आणि तसं जोडलेलं झाकण आरामात वापरता येतं. एपॉक्सी किंवा फेविक्विकने जोडलेला भाग मात्र गरम चहाच्या संपर्कात आणू नका.